चौदावा बाइट

२००८ मध्ये ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे एक विकासक, ओटो मोअरबीक, मेमरी वाटून देणारा कोड नव्याने लिहीत होते. बाकी यंत्रांवर सगळे सुरळीत होते. पण सनच्या ६४-बिटी स्पार्क प्रोसेसरवर सी-प्लस-प्लसचा मोठा प्रकल्प कंपाइल करायला घेतला की कंपायलरच मान टाकायचा. संशय अर्थातच नव्या कोडवर आला. घरात नवा माणूस आला आणि त्याच दिवशी चमचा हरवला, तर बोट कोणाकडे जाते हे सांगायला नको. शोधत गेल्यावर मात्र चोर भलताच निघाला. तो होता याक, म्हणजे भाषांचे व्याकरण वाचून पार्सर तयार करून देणारे युनिक्सचे जुने अवजार. त्याने तयार केलेला कोड आपल्या वाट्याच्या जागेबाहेर किंचित हात घालत होता. या चुकीचा माग १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सपर्यंत लागला. म्हणजे ती ३३ वर्षे तशीच होती आणि तेवढा काळ जगभरच्या यंत्रांवर रोज चालत होती.

मग ती नेमकी तेव्हाच आणि तिथेच का सापडली? नवा ॲलोकेटर मोठे तुकडे मेमरीच्या पानाच्या अखेरीकडे सरकवून ठेवत होता आणि त्या पानाला लागून पहाऱ्याचे, कोणालाही हात न लावता येणारे पान होते. स्पार्क-६४ वर पान ८ केबीचे असते. पानाचा आकार, तुकड्याचा आकार आणि त्याची जागा यांचा मेळ तिथे असा बसला, की इतकी वर्षे कोणाच्या लक्षात न आलेले पाऊल थेट पहारेकऱ्याच्या पायावर पडले.

मेमरी ॲलोकेटरच्या हद्दतपासणीचा सगळा प्रश्न या एका प्रसंगात आला आहे. सी भाषेतला प्रोग्राम मॅलॉककडे आकडा सांगतो: १३ बाइट हवेत. मॅलॉक एक पत्ता देतो. पुढे प्रोग्रामने चौदाव्या बाइटावर लिहिले तर भाषा त्याला अडवत नाही. त्या लिहिण्याचे परिणाम काय होतील याची कसलीही हमी आपण देत नाही, एवढे सांगून ती मोकळी होते. गावाकडे याला बांध कोरणे म्हणतात. नांगराचे एक तास दरवर्षी शेजाऱ्याच्या हद्दीत जाते. लगेच कोणाला काही कळत नाही आणि कळते तेव्हा प्रकरण मोजणीवर येते. हद्द ओलांडली गेली का, हे तपासण्याचे मार्ग गेल्या चाळीसेक वर्षांत पुष्कळ निघाले. त्यांच्याकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. हद्दीचा दगड त्याच मातीत रोवलेला असतो. प्रोसेसर बदलला की माती बदलते. मग कुठे दगड रुततच नाही, कुठे तो शेजाऱ्याच्या विहिरीवर पडतो, तर कुठे जागच्या जागी असूनही हलल्यासारखा दिसतो.

प्रोसेसरप्रमाणे तीच चूक वेगळी वागते, याचा गाजलेला पुरावा १९८८ चा आहे. २ नोव्हेंबरला सुटलेल्या मॉरिस वर्मने फिंगर सेवेच्या ५१२ बाइटांच्या जागेत ५३६ बाइट ओतले. व्हॅक्स यंत्रांवर त्यातून वर्मला आत शिरायला वाट मिळाली. सनच्या यंत्रांवर तेच बाइट पोचले तेव्हा सेवा नुसती कोसळली, कारण ओतलेल्या सूचना व्हॅक्सच्या बोलीतल्या होत्या. ती जागा स्टॅकवरची, ॲलोकेटरची नव्हे. पण धडा तोच. एका यंत्रावर जी घरफोडी, तीच दुसऱ्या यंत्रावर फक्त धडपड.

आपल्या १३ बाइटांकडे परत येऊ. लिनक्सवर सर्रास असणाऱ्या ग्लिबसी लायब्ररीचा मॅलॉक ६४-बिटी यंत्रावर १३ मागितले तरी वापरण्याजोगे २४ बाइट देतो, कारण त्याचा सर्वांत लहान तुकडाच ३२ बाइटांचा असतो आणि त्यातले ८ हिशेबाला जातात. जुन्या ३२-बिटी इंटेलवर त्याच मागणीला २० मिळत. म्हणजे चौदावाच काय, विसावा बाइटही दोन्हीकडे खपून जाई. एकविसावा मात्र एकीकडे निर्धोक आणि दुसरीकडे शेजाऱ्याची वही खराब करणारा. लिनक्सच्या कर्नलमध्ये तर तफावत अजून मोठी होती. इंटेलच्या यंत्रावर १३ बाइटांच्या मागणीला १६ चा तुकडा मिळे, तर ६४-बिटी आर्मवर थेट १२८ चा. आर्मच्या काही चिपमध्ये कॅशची ओळ लांब असते आणि उपकरणे परस्पर मेमरीत लिहितात, तेव्हा दोन तुकडे एका ओळीत येऊ नयेत म्हणून ही उदार वाटणी होती. २०२३ मध्ये, लिनक्स ६.५ मध्ये, ती आवळली गेली. तोवर आर्मवर शंभर बाइटांची घुसखोरीही निमूट पचत होती. चाचण्या फक्त आर्मवर घेणाऱ्या माणसाला आपला ड्रायव्हर निर्दोष वाटला असेल, तर त्याचा दोष नव्हता. बांधाच्या पलीकडे पडीक जमीन होती, इतकेच.

तपासणीची सर्वांत जुनी आणि स्वस्त तऱ्हा म्हणजे तुकड्याच्या शेवटी ठरलेला आकडा लिहून ठेवायचा आणि तुकडा परत येताना तो शाबूत आहे का ते पाहायचे. ग्लिबसीच्या एमचेक सोयीत शेवटी ठेवायचा हा पहारेकरी फक्त एका बाइटाचा आहे. त्याचे मूल्य २१५. मायक्रोसॉफ्टच्या डीबग लायब्ररीत दोन्ही बाजूंना चार-चार बाइटांची ‘कोणाचीच नसलेली जमीन’ असते. एकाच बाइटाचा पहारेकरी कंजूस वाटतो खरा, पण त्याला एक मोठी सोय आहे: तो कुठेही बसतो. चार किंवा आठ बाइटांचा आकडा कुठेही बसत नाही.

याचे कारण अलाइनमेंट. आठ बाइटांची संख्या आठाने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असावी, असा पुष्कळ प्रोसेसरांचा आग्रह असतो. इंटेलचे घराणे याबाबत सैल. वाकड्या पत्त्यावरूनही ते मुकाट वाचून देते. स्पार्क तिथल्या तिथे बस एरर देऊन प्रोग्राम थांबवतो. आर्मच्या पाचव्या पिढीतले प्रोसेसर याहून वाईट वागत. ते थांबत नसत, तर शब्दातले बाइट फिरवून भलतीच संख्या हातात ठेवत. तेव्हा १३ बाइटांनंतर लगेच आठ बाइटांचा पहारेकरी ठेवायचा झाला, तर एक तर तो बाइट-बाइट करून लिहावा लागतो, नाहीतर मध्ये तीन बाइटांची फट सोडावी लागते. चौदावा बाइट नेमका त्या फटीत पडतो.

२००७ मध्ये लिनक्स कर्नलवर याच्या उलट पाळी आली: पहारेकऱ्यानेच घर बिघडवले. कर्नलच्या तेव्हाच्या स्लॅब ॲलोकेटरमध्ये डीबगिंग चालू केले की प्रत्येक तुकड्याच्या पुढेमागे ३२ बिटांचा लाल पट्टा बसत असे. पुढच्या पट्ट्यामुळे मूळ वस्तू चार बाइट सरकायची. ३२-बिटी इंटेलवर चालून गेले. ३२-बिटी पॉवरपीसी आणि स्पार्कवर मात्र ६४ बिटांच्या संख्येला आठाची अलाइनमेंट लागते. तिथे नेटफिल्टरची, म्हणजे फायरवॉलची मोड्यूल आपली रचना वाकडी पाहून चढायलाच नकार देऊ लागली. कोडमध्ये चूक कुठेच नव्हती. चूक शोधणारे यंत्र चालू केले म्हणून बिघाड दिसत होता. शिवाय एका शब्दाहून जास्त अलाइनमेंट मागणाऱ्या वस्तूंची तपासणी तो ॲलोकेटर परस्पर बंदच करत असे, म्हणजे काही हद्दींवर दगड होता असे फक्त वाटत होते. उपाय म्हणून लाल पट्टा ६४ बिटांचा केला गेला. त्यासाठी निवडलेल्या दोन संख्या शेजारी-शेजारी ठेवल्या की १२८ बिटांची एक ओळखीची किल्ली तयार होते: एचडी-डीव्हीडीचे कुलूप उघडणारी, त्याच वसंतात इंटरनेटवर गाजलेली आणि वकिलांच्या नोटिशींनी दडपू पाहिलेली. कर्नल लिहिणाऱ्यांचा खट्याळपणा असा कधीकधी हेडर फाइलमध्ये सापडतो.

अलाइनमेंटनंतरचा घोळ बाइटांच्या क्रमाचा. मराठी माणसाला तो समजायला फार लांब जायची गरज नाही. आपण लिहिताना २५ मधले २ आधी लिहितो आणि बोलताना ‘पंचवीस’ म्हणत पाच आधी उच्चारतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो मुळात बाइटक्रमाचाच वाद होता. इंटेल आणि बहुतेक आर्म यंत्रे मेमरीत पंचवीसच्या चालीने, लहान अंक आधी ठेवतात. आयबीएमचे मेनफ्रेम, स्पार्क आणि जुने पॉवरपीसी मोठा अंक आधी ठेवतात; त्यांना बिग-एंडियन म्हणतात.

घुसखोरीवर याचा परिणाम फार गमतीचा होतो. ग्लिबसीमध्ये २४ बाइट मागून पंचविसाव्यावर एक शून्य लिहिले, तर ते पुढच्या तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर पडते. सी भाषेतली प्रत्येक ओळ शून्य बाइटाने संपते आणि ते शून्य मोजायला विसरणे ही नेहमीची चूक, त्यामुळे हे पुस्तकी उदाहरण नव्हे. पंचवीसवाल्या यंत्रावर त्या नोंदीचा पहिला बाइट सर्वांत लहान असतो आणि त्यातच ‘आधीचा तुकडा वापरात आहे’ ही खूण असते. शून्य पडले की खूण पुसली जाते, ॲलोकेटर वापरातला तुकडा मोकळा समजतो आणि चोराला वाट होते. २०१४ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाने ग्लिबसीमधल्या अशाच एका शून्याच्या जोरावर ३२-बिटी फेडोरा लिनक्सवर सर्वाधिकार मिळवून दाखवले. ‘वीस पाच’वाल्या यंत्रावर त्याच जागी सर्वांत मोठा बाइट असतो आणि तो बहुधा आधीच शून्य असतो. शून्यावर शून्य. काहीच घडत नाही. चूक तीच, ओळ तीच. एकीकडे सगळे घर उघडे पडते आणि दुसरीकडे शोधायलासुद्धा काही उरत नाही.

तपासणी लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असते. लिनक्स कर्नलमध्ये स्टॅकच्या पहारेकऱ्याच्या आठ बाइटांपैकी एक मुद्दाम शून्य ठेवतात, म्हणजे मजकुराची नक्कल लांबत गेली तर तिथे थबकते. हे शून्य मेमरीत सर्वांत आधी यावे म्हणून बाइटक्रमानुसार दोन वेगळे मुखवटे लिहिलेले आहेत. ठाऊक असूनही पाय घसरतोच. कर्नलमधला केफेन्स हा हद्दतपासनीस आपल्या प्रत्येक पहारेकरी बाइटात त्याच्या पत्त्याचे शेवटचे तीन बिट मिसळतो; दगडावर गट नंबर कोरावा तसे. आधी हे बाइट एकेक करून तपासले जात. २०२३ मध्ये वेग वाढवण्यासाठी आठ-आठ बाइट एकदम तपासायचे ठरले. इंटेल आणि आर्मवर काम चोख. बिग-एंडियन यंत्र चालू केले तर बूट होतानाच जागोजागी हद्द मोडल्याच्या तक्रारी! एकही बांध कोरला गेलेला नव्हता. नोंदवही उलटी धरून वाचली जात होती. दुरुस्ती इवलीशी होती, आकड्यातले बाइट उलटे करण्याची. पण बिग-एंडियन यंत्र कोणी चालूच केले नसते, तर ती चूक कोणाला कळली असती?

आकडा लिहून ठेवण्याच्या पद्धतीत एक मूळचीच उणीव आहे. घुसखोरी झाल्यावर, कधीकधी फार उशिरा, पत्ता लागतो. मोजणीवाला येतो तोवर पीक काढून नेलेले असते. पुढे नुसते डोकावून वाचले आणि लिहिले काहीच नाही, तर तेही कळत नाही. १९८७ मध्ये पिक्सारमध्ये असताना ब्रूस पेरेन्स यांनी इलेक्ट्रिक फेन्स लिहिले, ते यावर उतारा म्हणून. प्रत्येक तुकडा पानाच्या अखेरीला टेकवायचा आणि पुढचे पान प्रोसेसरकडूनच बंद करून ठेवायचे. हात लागला की झटका, आणि तोही चूक करणाऱ्या त्याच ओळीवर. वाचणाराही सुटत नाही.

नाव शेताच्या विजेच्या कुंपणासारखे आणि खर्चही तसाच. १३ बाइटांसाठी एक आख्खे पान अडते. इंटेलवर पान ४ केबीचे, स्पार्क-६४ वर ८, ॲपलच्या एम-१ वर १६ आणि पॉवरच्या कित्येक लिनक्स यंत्रणांत ६४. बिघा जसा मुलखाप्रमाणे लहानमोठा होतो तसेच हे. अशा दहा लाख तुकड्यांना इंटेलवर सुमारे ४ जीबी लागेल आणि ६४ केबीच्या पानांवर ६५ जीबीच्या घरात. शिवाय अलाइनमेंटचे भूत इथेही पाठ सोडत नाही. तुकडा पानाच्या कडेला अचूक टेकवायचा तर १३ बाइटांचा पत्ता विषम येतो आणि स्पार्कसारख्या यंत्रावर प्रोग्राम स्वतःच्या जागेतच धडपडतो. म्हणून इलेक्ट्रिक फेन्स मूळ बेतात चाराच्या पटीत जागा देते आणि चौदावा, पंधरावा, सोळावा बाइट कुंपणाच्या आत राहतो. अलाइनमेंटची सेटिंग शून्य केली तर चौदावाही पकडता येतो, पण ही चैन इंटेलवर परवडते, सगळीकडे नाही. केफेन्सने तडजोड वेगळी काढली: सगळ्या तुकड्यांना कुंपण न घालता अधूनमधून, साधारण दर १०० मिलिसेकंदांनी, एखाद्याच तुकड्याला ते घालायचे. एका वेळी मूळ बेतात २५५ तुकडे. ४ केबीच्या पानांवर या सगळ्याला २ एमबी पुरतात. एका यंत्रावर चूक सापडण्याची शक्यता कमी. पण हजारो सर्व्हरांच्या ताफ्यात कुठेतरी जाळ्यात येतेच.

दरम्यान दुसऱ्या वाटेनेही लोक निघाले होते. दगड रोवण्याऐवजी प्रत्येक पावलाचीच नोंद ठेवायची. रीड हेस्टिंग्ज आणि बॉब जॉइस यांनी १९९२ च्या युझनिक्स परिषदेत मांडलेले प्युरिफाय तयार ऑब्जेक्ट कोडमध्ये शिरून प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी तपासणी घुसवत असे आणि मेमरीच्या दर बाइटामागे दोन बिटांचा हिशेब ठेवत असे. हे हेस्टिंग्ज तेच, पुढे नेटफ्लिक्सच्या स्थापनेत असलेले. प्युरिफाय सनच्या स्पार्क यंत्रांसाठी लिहिलेले होते. यंत्रभाषेतच शस्त्रक्रिया करायची म्हटल्यावर दर नव्या प्रोसेसरसाठी शरीरशास्त्र नव्याने शिकणे आलेच.

ज्युलियन सीवर्ड यांच्या व्हॅलग्रिंडने २००२ मध्ये, सुरुवातीला फक्त ३२-बिटी इंटेलसाठी, या अडचणीवर थोडा शहाणा मार्ग काढला. प्रोग्राम चालू असतानाच त्याच्या सूचना एका मधल्या भाषेत आणायच्या, तपासण्या त्या भाषेत घालायच्या आणि मग पुन्हा यंत्रभाषेत उतरवायचे. त्यामुळे पॉवरपीसी, आर्म, मिप्स, आयबीएमचा एस-३९०एक्स अशी घराणी एकेक करून जोडता आली. प्रोग्राम वीसतीस पटींनी मंदावतो, हा त्याचा दंड. चौदावा बाइट मात्र तो जागच्या जागी पकडतो.

आज ज्याच्याशिवाय मोठ्या प्रकल्पाचे पान हलत नाही ते ॲड्रेससॅनिटायझर गूगलमधल्या कॉन्स्टँटिन सेरेब्र्यानी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडले. ते कंपायलरमध्येच बसते. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे सावलीचा एक बाइट. सावली शून्य असेल तर आठही मोकळे, ५ असेल तर पहिले पाच. आपले १३ म्हणजे आठ अधिक पाच, तेव्हा चौदाव्यावर पाय पडला की सावली ओरडते. क्रोमियम ब्राउझरमध्ये दहा महिन्यांत त्याने तीनशेहून अधिक नव्या चुका काढल्या आणि सरासरी मंदावणे ७३ टक्के होते. व्हॅलग्रिंडच्या तुलनेत हे काहीच नाही. सावलीचा पत्ता काढायची रीत म्हणजे मूळ पत्त्याला आठाने भागून त्यात एक ठरावीक संख्या मिळवायची. सारी मेख त्या ठरावीक संख्येत आहे. ती ३२-बिटी यंत्रावर एक, ६४-बिटी इंटेलवर दुसरी आणि ६४-बिटी आर्मवर तिसरी. आर्मवर तर कर्नल पत्त्यासाठी ३९ बिट वापरतो, ४२ की ४८, हेही पाहावे लागे. सावली जिथे पाडायची तिथे आधीच कोणी राहत असेल, तर प्रोग्राम सुरू होण्याआधीच संपतो.

या सगळ्या पहारेकऱ्यांना एका निरपराध घुसखोराने फार छळले आहे. त्याचे नाव स्ट्रलेन, म्हणजे मजकुराची लांबी मोजणारे छोटेसे फंक्शन. वेगासाठी ते बाइट-बाइट न वाचता एकदम आठ किंवा सोळा बाइट उचलते, म्हणून मजकूर संपल्यावरही थोडे पुढचे वाचते. अलाइन केलेला घास पान ओलांडत नाही, त्यामुळे प्रोसेसरची तक्रार नसते. कायद्याने घुसखोरी, व्यवहारात निरुपद्रवी. व्हॅलग्रिंड म्हणूनच अशा फंक्शनांच्या जागी स्वतःची सरळमार्गी आवृत्ती बसवते. आणि घास किती मोठा घ्यायचा हे दर प्रोसेसरवर वेगळे, तेव्हा खोट्या तक्रारींची यादीही दर यंत्रावर वेगळी.

सर्वांत वाईट गत होते ती प्रोग्रामने ॲलोकेटरला डावलून स्वतःचे गोदाम उघडले की. ओपनएसएसएलने वेगासाठी वापरलेल्या तुकड्यांचा साठा आपल्यापाशीच ठेवला होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड ही त्यातली चूक उघडकीला आली तेव्हा एका विनंतीत ६४ केबीपर्यंत परकी मेमरी वाचून नेता येत होती, आणि ओपनबीएसडीचा कडक मॅलॉक सिस्टिममध्ये असूनही त्याच्या पहाऱ्याचा उपयोग होऊ शकला नाही. तुकडे त्याच्या दारातून जातच नव्हते.

हे सगळे सॉफ्टवेअरने का करावे, प्रोसेसरनेच हद्द का पाहू नये? प्रश्न जुना आहे. बरोजच्या बी-५००० या १९६१ च्या यंत्रात हद्दीची तपासणी हार्डवेअरमध्येच होती. टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलेली हकिगतही त्याच काळातली. इलियट ५०३ संगणकाच्या त्यांच्या कंपायलरमधली ॲरेची तपासणी वेगासाठी बंद करायची का, असे ग्राहकांना विचारले तेव्हा सगळ्यांनी नको म्हणून सांगितले होते. पुढच्या पिढीने मात्र वेग निवडला.

इंटेलने २०१५ मध्ये स्कायलेकसोबत एमपीएक्स आणले: हद्दी साठवायला चार खास रजिस्टर. कल्पना देखणी, पण मंद, गुंतागुंतीची आणि फारशी कोणी न वापरलेली. २०१९ मध्ये जीसीसीने आणि २०२० मध्ये लिनक्स कर्नलने तिला निरोप दिला. त्याच २०१५ मध्ये स्पार्क एम-७ ने वेगळी युक्ती आणली: दर ६४ बाइटांना चार बिटांचा रंग, पॉइंटरलाही तोच रंग, जुळला नाही तर थांब. आर्मने २०१८ मध्ये मेमरी टॅगिंग म्हणून हीच युक्ती १६ बाइटांच्या कणावर जाहीर केली. २०२३ च्या पिक्सेल ८ मध्ये विकासकांना ती वापरता येऊ लागली आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने आयफोन १७ मध्ये तिची पुढची आवृत्ती कायम चालू ठेवली. ऑक्टोबरमध्ये इंटेल आणि एएमडी यांनीही आपल्या घराण्यासाठी अशाच तपासणीचा बेत जाहीर केला.

आणि चौदावा बाइट? आर्मच्या टॅगिंगमध्ये कण १६ बाइटांचा, त्यामुळे चौदा, पंधरा, सोळा या तिघांना एकच रंग असतो. सुटले. आर्मच्याच यंत्रावर सॉफ्टवेअरने टॅग तपासणारे हार्डवेअर-असिस्टेड सॅनिटायझर अर्ध्या भरलेल्या कणाची लांबी वेगळी लिहून ठेवते, म्हणून ते चौदावा पकडते. आयफोनच्या जाहिरातीत हा बारकावा अर्थातच येत नाही. यायची गरजही नाही. हल्लेखोराला तीन बाइटांच्या फटीतून फारसे काही करता येत नाही. डीबगिंग करणाऱ्याची गरज मात्र वेगळी असते. त्याला चोर नाही, चूक हवी असते.

केंब्रिज विद्यापीठ आणि एसआरआय यांनी २०१० मध्ये सुरू केलेला चेरी प्रकल्प याहून मुळाशी जातो. पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता नाही, तर पत्ता, हद्द आणि अधिकार असा सात-बाराच. १२८ बिटांचा हा उतारा खोटा बनवता येऊ नये म्हणून बाजूला एक गुप्त बिट. लहान तुकड्यांची हद्द बाइटापर्यंत अचूक बसते, मोठ्यांची जागा वाचवण्यासाठी थोडी गोल करावी लागते. चेरी आधी मिप्सवर, मग आर्म आणि रिस्क-फाइव्हवर गेले. मोरेलो नावाचे आर्मचे प्रायोगिक बोर्ड २०२२ च्या जानेवारीत बाहेर पडले. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रकल्पातूनही २०१७ मध्ये शक्ती-टी या नावाने, पॉइंटरची हद्द तपासणाऱ्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा आराखडा मांडला गेला होता.

हार्डवेअरकडे तपासणी गेल्याने प्रोसेसरांमधली दरी मात्र बुजत नाही, उलट रुंदावते. एका फोनवर जागीच थांबणारा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या फोनवर वर्षभर सुखाने चुकत राहील. त्यात अडनिड्या यंत्रांची संख्याही घटते आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये रिस्क-फाइव्ह अधिकृत झाले आणि मिप्स गेले. अधिकृत यादीत बिग-एंडियन म्हणून एकटा एस-३९०एक्स उरला. बँकांच्या मेनफ्रेममधला हा प्रोसेसर बहुतेक प्रोग्रामरांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. ते क्यूईएमयू या अनुकारकात त्याचे सोंग उभे करून चाचण्या चालवतात. पंचवीस आणि वीस-पाचचा घोळ त्यात दिसतो. पानाच्या आकाराचा घोळ दिसत नाही, कारण एस-३९०एक्सचे पानही इंटेलसारखेच ४ केबीचे आहे.

तो घोळ आता टेबलावरच्या एका स्वस्त बोर्डावर भेटतो. रास्पबेरी पाय ५ चे कर्नल १६ केबीची पाने घेऊन येते. फायरफॉक्सपासून डेटाबेसपर्यंत अनेकांच्या पोटात असलेला जेमॅलॉक हा ॲलोकेटर पानाचा आकार कंपाइल होतानाच धरून चालतो. ४ केबी धरून बांधलेला प्रोग्राम तिथे सुरू केला की पडद्यावर एका ओळीचा निरोप येतो, की या सिस्टिमच्या पानाचा आकार चालत नाही, आणि प्रोग्राम तिथेच बंद पडतो.